आतली हार्डडिस्क ‘काढण्याजोगी’ दिसते तेव्हा

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये स्क्रूने घट्ट बसवलेली हार्डडिस्क पडद्यावर मात्र पेनड्राइव्हसारखी काढता येण्याजोगी दिसावी, हा प्रकार अमरावती-अकोल्याकडील झेरॉक्सच्या दुकानांत, सेतू केंद्रांत, शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत आणि छायाचित्रकारांच्या स्टुडिओंत नित्याचा झाला आहे, आणि त्याविषयीचे गैरसमजही तितकेच नित्याचे आहेत. विंडोजच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळच्या लहानशा बाणाखाली, ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर अँड इजेक्ट मीडिया’ या नावाचे चिन्ह असते. त्यावर क्लिक केले की जोडलेल्या साधनांची यादी उघडते आणि ग्राहकाच्या पेनड्राइव्हच्या जोडीला त्याच यादीत आतल्या डिस्कचा अक्षरे व आकडे मिळून झालेला मॉडेल क्रमांकही दिसतो. तो दिसताच डिस्क खराब होऊ लागली असावी, व्हायरस शिरला असावा किंवा विक्रेत्याने जुनीच डिस्क नवी म्हणून बसवली असावी, अशा शंका घेतल्या जातात. प्रत्यक्षात यांपैकी एकही कारण बहुतेक वेळा खरे नसते, परंतु या शंकांपोटी जे उपाय घाईने केले जातात त्यांनी मात्र वर्षानुवर्षांचे काम पुसले जाऊ शकते.

या प्रकाराचे मूळ डिस्कमध्ये नसून ती ज्या पोर्टला जोडली आहे त्या पोर्टमध्ये आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणारी साटा ही पद्धत 2003 साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासूनच संगणक चालू असताना डिस्क जोडता किंवा काढता यावी, अशी सोय तिच्या आराखड्यात होती. या सोयीला हॉट प्लग म्हणतात. मोठ्या सर्व्हरमध्ये एखादी डिस्क बिघडली तर संपूर्ण यंत्रणा बंद न करता ती बदलता यावी, यासाठी ही सोय मोलाची आहे. साटाच्या पोर्टशी ऑपरेटिंग सिस्टीमने कसे बोलावे याचे नियम ज्या प्रमाणित पद्धतीत बांधले आहेत तिला एएचसीआय असे नाव असून, प्रत्येक पोर्टने आपण हॉट प्लग करण्याजोगे आहोत की नाही आणि आपण कॅबिनेटच्या बाहेर काढलेले पोर्ट आहोत की नाही, हे स्वतःच्या नोंदीत सांगावे, अशी तरतूद तिच्यात आहे. ही नोंद मदरबोर्डचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, भरून ठेवते. आणि विंडोजसोबत येणारा ड्रायव्हर ती वाचून त्या पोर्टवरील डिस्क आतली की बाहेरची, हे ठरवतो. वाड्याच्या ओसरीवर जो बसला असेल तो पाहुणाच, असे एकदा ठरवले की घरचा माणूस तिथे टेकला तरी त्याला पाहुणाच समजले जाईल, तशातला हा प्रकार आहे: डिस्क घरचीच असते, पण पोर्ट तिची ओळख पाहुणी म्हणून करून देते.

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, ती आधी दूर केली पाहिजे. मेमरी कार्डाच्या रीडरमध्ये किंवा सीडीच्या खणात साधन जागेवरच राहते आणि त्यातले माध्यम तेवढे बदलते, म्हणून तिथे माध्यम काढण्याजोगे असते. हॉट प्लगच्या पोर्टवरील डिस्कचे माध्यम मात्र तिच्यातच कायमचे असते आणि काढण्याजोगे असते ते संपूर्ण साधन. हा फरक विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या खिडकीत उघड दिसतो, कारण तिथे पेनड्राइव्हच्या डाव्या चौकटीत ‘रिमूव्हेबल’ असे लिहिलेले असते, तर यादीत चुकून आलेल्या आतल्या डिस्कच्या चौकटीत ‘बेसिक’ हाच शब्द कायम असतो. ज्या दुकानदाराला आपल्या डिस्कची काळजी वाटते त्याने इतर काहीही करण्याआधी स्टार्टच्या बटनावर उजवे क्लिक करून ही एक खिडकी उघडून पाहावी. तिथे ‘बेसिक’ आणि त्याशेजारी ‘ऑनलाइन’ असे दिसत असेल, तर डिस्क विंडोजला नीट दिसत आहे आणि यादीतले नाव हा केवळ ओळखीचा घोळ आहे, असे समजण्यास हरकत नाही.

वऱ्हाडात हा घोळ इतका का आढळतो, याची कारणे इथल्या संगणकांच्या घडणीत सापडतात. छोट्या व्यवसायांतील बहुतेक संगणक सुटे भाग आणून असेंबल केलेले असतात आणि ते मोडीत न काढता टप्प्याटप्प्याने वाढवले जातात: आधी एकच हार्डडिस्क असते, मग वेग वाढावा म्हणून विंडोजसाठी एसएसडी बसवली जाते आणि जुनी हार्डडिस्क डी व ई या नावांनी डेटासाठी मागे राहते, आणि या बदलात कोणती केबल कोणत्या पोर्टला गेली याकडे कोणी पाहत नाही. मदरबोर्डवरील काही पोर्ट बायोसमध्ये मुळातच हॉट प्लगसाठी खुली ठेवलेली असतात, त्यामुळे डिस्क एका पोर्टवरून शेजारच्या पोर्टवर गेली एवढ्यानेही तिची ओळख बदलू शकते. दुसरे कारण मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर2032 या सेलचे आहे. बायोसमधील तारीख, वेळ आणि बहुतेक मदरबोर्डांवर तिथले पर्यायही या सेलच्या आधारे टिकून राहतात. सेल संपला आणि लाईट गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि त्याबरोबर कारागिराने पूर्वी बंद केलेला हॉट प्लगचा पर्याय पुन्हा कारखान्यातल्या मूळ स्थितीत येतो. संगणक सुरू केल्यावर तारीख चुकलेली दिसते म्हणून ती रोज हाताने दुरुस्त करणारी कार्यालये आजही आहेत, आणि अशा ठिकाणी डिस्क कधी यादीत दिसते, कधी दिसत नाही, या कोड्याचे उत्तर काही रुपयांच्या त्या सेलमध्ये असते.

यातून काय घडू शकते, हे अकोल्यातील एका झेरॉक्स व डीटीपीच्या दुकानात घडलेल्या प्रसंगावरून स्पष्ट होते. लग्नसराईचे दिवस होते. पत्रिकांची सर्व डिझाइने, म्हणजे कोरलड्रॉमध्ये तयार केलेल्या वर्षानुवर्षांच्या फायली, जुन्या हार्डडिस्कवरील डी आणि ई या दोन विभागांत होत्या, तर विंडोज स्वतंत्र एसएसडीवर होते. काउंटरवर गर्दी असताना मदतनिसाने ग्राहकाचा पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्यासाठी यादी उघडली आणि पेनड्राइव्हच्या ओळीऐवजी तिच्या वरच्या ओळीवर क्लिक केले. ज्या डिस्कवर विंडोज चालू असते ती काढू देण्यास विंडोज नकार देते, परंतु डेटाच्या डिस्कवरील एकही फाइल त्या क्षणी उघडी नसल्यामुळे नकार देण्यास काही कारण नव्हते; साधन काढणे आता सुरक्षित आहे, असा संदेश कोपऱ्यात उमटला आणि डी व ई हे दोन्ही विभाग एकाच वेळी नाहीसे झाले, कारण यादीतली ओळ विभागाची नसते, संपूर्ण डिस्कची असते.

इथपर्यंत एका अक्षराचेही नुकसान झालेले नव्हते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला असता तर डिस्क परत आली असती. तेवढेही करण्याची गरज नव्हती, डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ हा पर्याय दाबला असता तरी बहुधा ती परत आली असती. परंतु मालकाला फोन गेला तो ‘भाऊ, डी अन् ई दोन्ही दिसून नाही राहिले’ एवढ्या शब्दांत, आणि मधे कोणी कशावर क्लिक केले ही माहिती त्यात नव्हती. बोलावलेल्या कारागिराने विंडोज बिघडले असा निष्कर्ष काढून ते नव्याने टाकण्यास घेतले. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये सी, डी, ई ही ओळखीची अक्षरे दिसत नाहीत. तिथे ‘ड्राइव्ह 0’, ‘ड्राइव्ह 1’ असे क्रमांक आणि त्यांखाली विभागांची आकारमाने तेवढी दिसतात. संगणक पुन्हा सुरू झाल्यामुळे हार्डडिस्क केव्हाच परत आली होती आणि त्या पडद्यावर हजर होती, हे लक्षात न घेता तिचेच विभाग पुसले गेले आणि तिच्यावरच नवे विंडोज टाकले गेले. पुढे डेटा परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरला काही फायली सापडल्या, पण त्यांची मूळ नावे गेली होती आणि त्यांच्या जागी क्रमांक आले होते, त्यामुळे कोणती पत्रिका कोणाची, हे एकेक फाइल उघडून पाहण्याखेरीज मार्ग उरला नाही. ज्या भागावर नवे विंडोज लिहिले गेले होते तिथले तर काहीच परत आले नाही.

या प्रसंगात क्लिकपेक्षा त्यानंतरचा तासाभराचा काळ घातक ठरला, आणि म्हणून मार्गदर्शनाची सुरुवातही तिथूनच व्हावयास हवी. डिस्क दिसेनाशी झाली तर कॅबिनेट उघडणे, केबल बदलणे, विंडोज नव्याने टाकणे, आणि ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न पडद्यावर आल्यास त्याला होकार देणे, या चारही गोष्टी बाजूला ठेवाव्यात आणि ती कोणी काढली की आपोआप गेली, हे आधी शोधावे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टीम या नोंदवहीत याचे उत्तर पुष्कळदा सापडते: डिस्क न सांगता अचानक तुटली असेल तर तिथे ‘डिस्क’ या स्रोताखाली 157 क्रमांकाची नोंद दिसते, जिचा अर्थ डिस्क अनपेक्षितपणे काढली गेली असा आहे. अशी नोंद वरचेवर येत असेल, तर तो ओळखीचा घोळ समजू नये. केबल सैल आहे, वीज नीट पोहोचत नाही किंवा डिस्क खरोखरच थकली आहे, यांपैकी काहीतरी घडत असते.

ते ओळखण्यासाठी स्मार्ट या नावाने डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या प्रकृतीच्या नोंदी वाचाव्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर त्या सहज दाखवते. त्यांतील 05 आणि सी5 या नोंदींपुढील मूळ आकडा वाढत असेल, तर डिस्कच्या पृष्ठभागावरचे कप्पे निकामी होत आहेत असे समजावे. सी7 ही नोंद वाढत असेल, तर डिस्क व मदरबोर्ड यांच्यातील संदेशवहनात चुका होत आहेत, म्हणजे बहुधा केबलच दोषी आहे. याच पडद्यावर डिस्कचे तापमानही दिसते आणि वऱ्हाडात त्याकडे आवर्जून पाहिले पाहिजे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जाणे नवे नाही. टिनाच्या छताखालील दुकानात, भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटमध्ये, धुळीने भरलेल्या पंख्यामागे डिस्क किती तापत असेल याचा अंदाज त्यावरून यावा. टेबलावरील संगणकासाठी बनवलेल्या बहुतेक हार्डडिस्कना साधारण 60 अंशांची मर्यादा घालून दिलेली असते, आणि खोलीचेच तापमान चाळिशीच्या पुढे असेल तेव्हा ही मर्यादा गाठायला फारसा वेळ लागत नाही.

डिस्क निरोगी आहे आणि केवळ यादीतच खटकते, अशी खात्री झाल्यावर खरा उपाय बायोसमध्ये आहे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ2 ही कळ दाबून, आणि काही संगणकांत दुसरी एखादी कळ दाबून, बायोसमध्ये जाता येते. तिथे साटाच्या पानावर प्रत्येक पोर्टसमोर सहसा हॉट प्लगचा पर्याय असतो आणि ज्या पोर्टवर आतली डिस्क आहे तेवढ्यासाठी तो ‘डिसेबल्ड’ करावा. याच पानावर बहुधा साटाचा मोड हा दुसरा पर्यायही असतो आणि त्याला हात लावू नये, हे निक्षून सांगितले पाहिजे. एएचसीआय बदलून आयडीई किंवा रेड केले की विंडोजला स्वतःची डिस्क ओळखता येत नाही आणि निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही ओळ दाखवून ते थांबते. मोड पूर्ववत केला की बहुधा सारे सुरळीत होते, पण त्याआधीच घाबरून विंडोज नव्याने टाकण्याचा उद्योग पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि एका वेळी एकच पर्याय बदलून संगणक सुरू करून पाहावा.

बायोसमध्ये हा पर्यायच नसेल तर मदरबोर्डच्या कंपनीने काढलेली बायोसची नवी आवृत्ती टाकावी, असा सल्ला दिला जातो आणि तो योग्यही आहे, परंतु तो अंमलात आणताना विजेचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. अकोला जिल्ह्यातच पारस येथे 250 मेगावॅटचे दोन औष्णिक संच आहेत आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठेतही मोठा वीजप्रकल्प उभा आहे. तरीही वळवाच्या वादळात फांदी तारेवर पडली की दुकानातली लाईट जायची ती जातेच. तेव्हा यूपीएसची पेटी नुसती शेजारी ठेवलेली आहे एवढ्यावर न भागवता तिची बॅटरी खरोखर किती मिनिटे टिकते ते आधी तपासावे, आणि आकाश भरून आलेले असताना हे काम काढूच नये.

बायोसकडून काहीच होत नसेल, तेव्हा विंडोजलाच सांगता येते की अमुक पोर्ट आतले समज. त्यासाठी प्रथम डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचे नाव ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’ असे आहे का ते पाहावे, कारण पुढील उपाय विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरसाठी आहे आणि चिपसेटच्या कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बसवला असेल तर तो लागू पडेलच असे नाही. त्यानंतर डिस्कच्या गुणधर्मांत ‘लोकेशन’ या शब्दापुढे ‘बस नंबर’ असा जो आकडा दिसतो तो लिहून घ्यावा. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सर्व अंतर्गत सेटिंग्जची नोंदवही, उघडून तिच्यातील लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, स्टोर एएचसीआय, पॅरामीटर्स, डिव्हाइस या क्रमाने आत जावे, तिथे ‘ट्रीट ॲज इंटर्नल पोर्ट’ या नावाचे, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेले, मल्टी-स्ट्रिंग प्रकारचे मूल्य तयार करावे आणि त्यात तो आकडा भरावा; डिस्क अनेक असतील तर प्रत्येक आकडा स्वतंत्र ओळीवर लिहावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. ही तरतूद मायक्रोसॉफ्टनेच करून ठेवलेली आहे, त्यामुळे तिच्यासाठी अनोळखी ठिकाणाहून एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचे काहीच कारण नाही. मात्र रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची एक प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावी.

मराठी अक्षरजुळणीची जुनी सॉफ्टवेअरे आणि 2001 साली शेवटची आवृत्ती निघालेला पेजमेकर यांच्यासाठी विंडोज 7 जपून ठेवलेली दुकाने वऱ्हाडात अजून आहेत. त्या विंडोजमधील ड्रायव्हर वेगळा असल्यामुळे वरील मार्ग तिथे जसाच्या तसा चालत नाही, आणि 14 जानेवारी 2020 पासून त्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणेही थांबले आहे. अशा संगणकावर बायोसमधील पर्यायावरच भिस्त ठेवावी. मदरबोर्डवर आडव्या बसणाऱ्या एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा ड्रायव्हरही निराळा असतो, त्यामुळे तिचे नाव यादीत आल्यास रजिस्ट्रीच्या वरील उपायाचा उपयोग होत नाही.

यादीतील नावाचा एक परिणाम दुर्लक्षित राहतो, तो डिस्कच्या ‘पॉलिसीज’ या पानावर दिसतो. काढण्याजोग्या साधनांसाठी विंडोज ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण निवडू शकते. त्यात लिहावयाचा मजकूर मेमरीत साठवून न ठेवता लगेच डिस्कवर पाठवला जातो, म्हणून साधन केव्हाही काढले तरी नुकसान कमी, पण लिहिण्याचा वेग मंदावतो. आतली डिस्क पाहुणी ठरल्यामुळे तिला हे धोरण लागले असेल तर मोठ्या फायली साठवताना संगणक अडखळतो, आणि लग्नाचे चित्रीकरण एकत्र करणाऱ्या स्टुडिओंना हे लवकर जाणवते. उलट ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडल्यास वेग वाढतो, परंतु मेमरीत थांबलेला मजकूर वीज गेल्यास हरवतो. ज्या दुकानात यूपीएस नाही तिथे वेगाचा मोह टाळावा, हेच योग्य.

एवढे सगळे करूनही काही मदरबोर्ड ऐकत नाहीत. तेव्हा नाव यादीत राहू द्यावे, कारण त्याने डिस्कचे आयुष्य कमी होत नाही. फक्त चुकीचे क्लिक होऊ नये एवढी तजवीज करावी. डी आणि ई या विभागांना ‘लोकल डिस्क’ हे सर्वसाधारण नाव न ठेवता ‘आतील डिस्क – काढू नये’ असे नाव द्यावे, म्हणजे विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ते यादीतही वाचता येते. आणि मदतनिसाला पेनड्राइव्ह काढण्यासाठी यादीऐवजी ‘दिस पीसी’मध्ये त्या पेनड्राइव्हच्याच चित्रावर उजवे क्लिक करून ‘इजेक्ट’ निवडण्याची सवय लावावी. विंडोज खरोखरच नव्याने टाकावे लागले, तर कारागिराने डेटाच्या डिस्कची केबल संगणक बंद असताना काढून ठेवावी आणि काम पूर्ण झाल्यावरच पुन्हा जोडावी, अशी अट मालकाने आधीच घालावी. डेटाची दुसरी प्रत मात्र त्याच संगणकातील दुसऱ्या विभागात ठेवून उपयोग नाही, कारण अकोल्याच्या त्या दुकानात डी आणि ई एकाच डिस्कवर होते आणि एकत्रच गेले; ती वेगळ्या डिस्कवर घ्यावी, प्रत घेऊन झाली की ती डिस्क सोडवून दुकानाऐवजी घरी न्यावी, आणि सीझन सुरू होण्याआधी तिच्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.